नवा म्हणून विकलेला जुना लॅपटॉप

ओळखीत कोणाला ॲपलचा मॅक लॅपटॉप घ्यायचा असला की फोन माझ्याकडे येतो. मला हे काम आवडतं, कारण ही मशीन्स मला मनापासून आवडतात आणि कामाला नेमका बसणारा लॅपटॉप मिळाला की माणसाची पुढची पाच-सहा वर्षं किती निवांत जातात हे मी पाहिलंय. पण २०१५ ते २०१९ च्या दरम्यान "कुठला घेऊ?" ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर देताच येत नव्हतं. ज्याला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही त्याचं सोडा, मी ह्या कंपनीच्या प्रत्येक घोषणेवर लक्ष ठेवून असतो तरी मला दर वेळी "थांबता येईल का थोडं?" असंच म्हणावं लागायचं, आणि थांबून तरी काय मिळणार ते कोणालाच माहीत नसायचं. आता लोक म्हणतात अरे सोड ना, आता सगळं मस्त झालंय, चिप भारी, बॅटरी दिवसभर. मस्त झालंय हे खरंच आहे. पण तेव्हा ज्यांना फटका बसला ते भरवसा ठेवून पैसे मोजणारे साधे लोक होते, आणि जुनी मॉडेल्स नवी म्हणून विकत राहायची ज्या सवयीमुळे हे झालं ती सवय अजून पुरती सुटलेली नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

२०१८ चा जून महिना घ्या. तेव्हा ॲपल काय काय विकत होती बघा. मॅकबुक एअर, नुसतं मॅकबुक, टच बार (कीबोर्डच्या वरची स्पर्शानं चालणारी पट्टी) नसलेलं १३ इंची मॅकबुक प्रो, टच बार असलेलं १३ इंची, टच बार असलेलं १५ इंची, आणि शिवाय २०१५ चं जुनं १५ इंची प्रो, तेही अजून विक्रीला होतंच. आता ह्यातलं सगळ्यात हलकं कुठलं? एअर नाही. एअर १.३५ किलोचं आणि नुसतं मॅकबुक ०.९२ किलोचं. बरं, मग सगळ्यात साधं नाव ज्याचं आहे ते मॅकबुक सगळ्यात स्वस्त असेल? तेही नाही, स्वस्त होतं एअर, ९९९ डॉलरला, आणि मॅकबुक १२९९ ला. आणि त्याच १२९९ डॉलरला १३ इंची प्रोसुद्धा मिळत होतं! म्हणजे एकीकडे १२ इंची स्क्रीन, पंखा नसलेला कमी ताकदीचा प्रोसेसर आणि अख्ख्या मशीनला एकच यूएसबी-सी पोर्ट, ज्यातून चार्जिंगही करायचं आणि बाकी सगळंही जोडायचं, आणि दुसरीकडे तेवढ्याच पैशात मोठी आणि जास्त उजळ स्क्रीन, कितीतरी वेगवान प्रोसेसर आणि दोन पोर्ट. मॅकबुकमध्ये स्टोरेज दुप्पट होतं, २५६ जीबी, आणि वजन कमी होतं, हे मान्य. पण नवख्या माणसानं ह्यातून निवड कशाच्या आधारावर करायची? नावं काहीच सांगत नव्हती आणि किमतीही काही सांगत नव्हत्या.

आणि खूप खपायचं ते एअर, कारण विद्यार्थ्याला, शिक्षकाला, लिहिणाऱ्याला परवडण्यासारखं तेच. त्याची अवस्था काय होती? स्क्रीन १४४० बाय ९०० पिक्सेलची. ही स्क्रीन ऑक्टोबर २०१० मध्ये आली होती. रेटिना स्क्रीन, म्हणजे ठिपके डोळ्यांना दिसणारच नाहीत इतकी बारीक, आयफोनला २०१० मध्ये मिळाली, मॅकबुक प्रोला जून २०१२ मध्ये मिळाली, एअर तसंच राहिलं. प्रोसेसर इंटेलचा पाचव्या पिढीचा, मार्च २०१५ मध्ये बसवलेला. जून २०१७ मध्ये बाकीच्या लॅपटॉपना सातवी पिढी मिळाली आणि त्याच दिवशी एअरला काय मिळालं तर तीच पाचवी पिढी, फक्त वेग १.६ वरून १.८ गिगाहर्ट्झ केलेला. मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं. हेच ते मशीन जे २००८ मध्ये पाकिटातून काढून दाखवलं होतं आणि २०१० च्या नव्या रूपानंतर बाकी सगळ्या कंपन्या ज्याची नक्कल करायला धावल्या, इंटेलनं अल्ट्राबुक नावाची पातळ लॅपटॉपची सगळी मोहीमच त्याच्या मागोमाग काढली. आणि त्याची स्वतःच्याच घरात अशी हेळसांड.

पण गंमत म्हणून नाही, अगदी खरोखर सांगतो, रोजच्या वापराला ह्या यादीत सगळ्यात सोयीचं तेच होतं. मॅगसेफ चार्जर, म्हणजे वायरीत पाय अडकला तर वायर सुटते लॅपटॉप पडत नाही. साधे यूएसबी पोर्ट, कॅमेऱ्याचं कार्ड घालायला जागा, आणि भरवशाचा कीबोर्ड. नव्या प्रोमधून हे सगळंच गेलं होतं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या आयफोन ७ सोबत जी केबल यायची ती त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मॅकबुक प्रोमध्ये जायचीच नाही, वेगळी केबल नाहीतर ॲडॉप्टर घ्या, एकाच कंपनीच्या एकाच वर्षीच्या दोन वस्तू एकमेकींना जोडता येत नाहीत ह्याला काय म्हणायचं. ओरडा इतका झाला की नोव्हेंबरात कंपनीनं ॲडॉप्टरच्या किमती उतरवल्या. म्हणजे मला विचारणाऱ्याला मी दोनच गोष्टी सांगू शकत होतो: जुना प्रोसेसर आणि फिकट स्क्रीन घे पण कीबोर्ड चालेल, किंवा नवं घे आणि कीबोर्डचं देवावर सोड.

कीबोर्डचं सगळ्यांना माहीत आहे तरी थोडक्यात. २०१५ च्या मॅकबुकपासून आलेला बटरफ्लाय कीबोर्ड, धुळीचा कण गेला की कळ अडकायची किंवा एकाच दाबात दोनदा उमटायची, आणि दुरुस्तीला एक कळ म्हणून बदलता यायची नाही, बॅटरीसकट वरचा सगळा भागच बदलावा लागायचा. जून २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आली. मे २०१९ मध्ये कीबोर्डात सुधारणा केलेली नवी प्रो मॉडेल्स जाहीर झाली आणि जाहीर झाली त्याच दिवशी तीसुद्धा त्या दुरुस्ती योजनेत घातली गेली. विकायच्या पहिल्याच दिवशी! शेवटी नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची प्रोमध्ये पुन्हा जुन्या पद्धतीचा कीबोर्ड आला, एस्केपची खरीखुरी कळ परत आली, आणि अमेरिकेत ह्या कीबोर्डवरून चाललेला खटला २०२२ मध्ये ५ कोटी डॉलरला मिटवला गेला.

आता माझा मुख्य मुद्दा. लोक ह्या सगळ्याला दोन वेगळ्या तक्रारी समजतात, एक म्हणजे मॉडेल्स जुनी पडलीत आणि दुसरी म्हणजे मॉडेल्सचा गोंधळ आहे. मला वाटतं ती एकच तक्रार आहे. गोंधळ कोणी बसून ठरवून केलेला नसतो, तो दुर्लक्षातून तयार होतो. बघा कसं झालं. २०१५ मध्ये १२ इंची मॅकबुक आलं, ते सगळ्या अंगानं एअरची जागा घेणारं मशीन दिसत होतं, पण त्याची किंमत कधी ९९९ पर्यंत खाली आलीच नाही. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये टच बार नसलेलं १३ इंची प्रो दाखवताना ॲपलचे तेव्हाचे मार्केटिंग प्रमुख फिल शिलर ह्यांनी स्टेजवर त्याची तुलना थेट एअरशी केली, हे बघा ह्याच्यापेक्षा पातळ आहे म्हणून. म्हणजे एअरला वारसदार दोन, आणि दोघांपैकी एकही त्याच्या किमतीला नाही. ११ इंची एअर बंद केलं, १३ इंची मात्र ठेवावंच लागलं कारण त्या किमतीला दुसरं काही नव्हतंच. काढायचंही नाही आणि सांभाळायचंही नाही. घराला नुसत्या खोल्या वाढवत जावं आणि जुनी एकही खोली दुरुस्त करू नये, तसं सगळं होत गेलं. एअरला वेळच्या वेळी नवी स्क्रीन आणि नवा प्रोसेसर दिला असता तर १२ इंची मॅकबुक कशासाठी आणि टच बारशिवायचं प्रो कोणासाठी हे प्रश्न आपोआप सुटले असते.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं झालं. जून २०१२ चं १३ इंची मॅकबुक प्रो आठवतं का, डीव्हीडी ड्राइव्हवालं, रेटिना नसलेलं? ते ऑक्टोबर २०१६ पर्यंत विकत होते. चार वर्षांहून जास्त काळ, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरणारी हार्ड डिस्क घेऊन, तेही प्रो ह्या नावाखाली.

हे नुसतं टेक्नॉलॉजीवाल्यांचं रडगाणं नाही, ह्यात सामान्य माणसाचं सरळ नुकसान आहे आणि ते कोणी नीट मांडत नाही म्हणून मी मांडतो. मॅकओएसचं (मॅक चालवणाऱ्या सिस्टिमचं) नवं व्हर्जन कुठल्या मशीनवर चालणार हे तुम्ही ते मशीन कधी विकत घेतलंत ह्यावर ठरत नाही, ते मॉडेल कुठल्या वर्षाचं आहे ह्यावर ठरतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये शेवटी रेटिना स्क्रीनचं नवं एअर आलं, ११९९ डॉलरला. पण जुनं एअर गेलं नाही, ते ९९९ ला शेजारीच उभं राहिलं, थेट जुलै २०१९ पर्यंत. दोघांचं नाव मॅकबुक एअर. समजा एखाद्या मुलीनं कॉलेजला जायच्या आधी जून २०१९ मध्ये स्वस्त म्हणून जुनं घेतलं, खुद्द कंपनीकडून, सीलबंद, कोरं करकरीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मॅकओएस व्हेंचुरा आलं आणि त्यात एअर २०१८ पासूनचंच चालणार होतं. हिचं २०१७ चं. म्हणजे घेतल्यापासून साडेतीन वर्षंसुद्धा झाली नाहीत आणि मोठी अपडेट्स बंद. दोनशे डॉलर जास्त देऊन शेजारचं घेतलं असतं तर व्हेंचुरा मिळालं असतं. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्याच २०१७ च्या जूनमध्ये आलेलं १२ इंची मॅकबुक व्हेंचुरासाठी चाललं! वर्ष तेच, पण एअरच्या आत २०१५ चा प्रोसेसर होता ना. जे डीव्हीडीवालं प्रो २०१६ मध्ये कोणी नवं म्हणून घेतलं त्याचंही तसंच, २०२० च्या मॅकओएस बिग सरमधून ते बाहेर, चार वर्षांत.

सिक्युरिटीची अपडेट्स आणखी थोडा काळ येत राहतात हे मला माहीत आहे, मशीन लगेच बंद पडत नाही. पण हळूहळू ब्राउझर, ऑफिस, बँकेची साइट, एकेक जण तुमची सिस्टिम जुनी आहे म्हणायला लागतो. आणि हे कोणाच्या वाट्याला येतं? जो ९९९ वालं घेतो त्याच्या. ज्याला तीन हजार डॉलरचं प्रो घेता येतं तो दर दोन वर्षांनी बदलूही शकतो. ज्याला लॅपटॉप सगळ्यात जास्त वर्षं पुरवायचा असतो, त्याच्याच गळ्यात सगळ्यात जुनं मशीन मारलं जातं.

कंपनीची बाजूही बघू, कारण नुसता राग काढून उपयोग नाही. इंटेलची नवी चिप त्या काळात सतत लांबत होती, १४ नॅनोमीटर ह्या चिप बनवायच्या पद्धतीला उशीर झाला, १० नॅनोमीटरला तर फारच. २०१६ च्या प्रोमध्ये १६ जीबीपेक्षा जास्त रॅम का नाही ह्याचं उत्तरही होतं, त्या प्रोसेसरला कमी वीज खाणारी पुढच्या पिढीची रॅम चालत नव्हती, जास्त घातली तर बॅटरीचं नुकसान. हे पटण्यासारखं कारण आहे आणि ते सांगितलंही गेलं. पण एअरचं काय? सहावी पिढी, सातवी पिढी, ह्या चिप्स बाजारात होत्या, ॲपल स्वतः बाकी लॅपटॉपमध्ये वापरत होती. मग राहतं ते एकच कारण, लक्ष दुसरीकडे होतं. २०१५ च्या आर्थिक वर्षात कंपनीच्या कमाईतला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा एकट्या आयफोनचा होता. पण त्याच वर्षी मॅकची विक्री २५ अब्ज डॉलरच्या वर होती. ह्या एका धंद्यावर स्वतंत्र मोठी कंपनी उभी राहील. डेस्कटॉपचंही तेच, मॅक मिनी ऑक्टोबर २०१४ ते ऑक्टोबर २०१८ जसाच्या तसा, मॅक प्रो २०१३ नंतर २०१९ पर्यंत जसाच्या तसा. माणसं नव्हती असं म्हणता येणार नाही.

एप्रिल २०१७ मध्ये मात्र एक चांगली गोष्ट झाली होती. ॲपलनं काही पत्रकारांना बोलावून सरळ सांगितलं की २०१३ च्या मॅक प्रोची रचना चुकली, उष्णतेच्या बाबतीत आम्ही स्वतःलाच कोपऱ्यात अडकवून घेतलं, नवं मशीन बनवतोय पण ह्या वर्षी येणार नाही. हे ऐकून माझा कंपनीवरचा विश्वास वाढला होता, खरंच. पण हे बोलणं महागडं डेस्कटॉप घेणाऱ्या व्यावसायिकांसाठी होतं. एअर घेणाऱ्यांना असं कोणी बोलावून सांगितलं नाही की थांबा, पुढच्या वर्षी नवं येतंय. १९९८ मध्ये स्टीव्ह जॉब्सनी दाखवलेला तो चार चौकोनांचा तक्ता सगळ्यांना पाठ असतो, साधे ग्राहक आणि व्यावसायिक, डेस्कटॉप आणि लॅपटॉप. लोक त्यातला साधेपणा आठवतात. मला त्यातला रिकामा चौकोन जास्त महत्त्वाचा वाटतो. साध्या ग्राहकाचा लॅपटॉप तेव्हा तयार नव्हता, आयबुक जुलै १९९९ मध्ये आलं, एक वर्षाहून जास्त काळ ती जागा रिकामी होती आणि तिथे जुनं पॉवरबुक नवं म्हणून बसवलेलं नव्हतं.

आता सवय सुटलेली नाही म्हणालो ते का. मे २०२० मध्ये नवं १३ इंची प्रो आलं, तेव्हा दोन पोर्टवाल्यात इंटेलची आठवी पिढी आणि चार पोर्टवाल्यात दहावी पिढी, रॅमही वेगळी, आणि नाव दोघांचं एकच. जून २०२२ मध्ये एम२ ह्या ॲपलच्या स्वतःच्या चिपचं एअर आलं, नवी रचना, मॅगसेफ, १०८० पिक्सेलचा कॅमेरा, आणि त्याच दिवशी एम२ चंच १३ इंची प्रो आलं ते २०१६ च्या जुन्या साच्यातलं, टच बारवालं, मॅगसेफ नाही, कॅमेरा ७२० चा, आणि किंमत एअरपेक्षा शंभर डॉलर जास्त. पंखा आणि जरा जास्त चालणारी बॅटरी हे फायदे होते. माझ्या मावसभावाला प्रो हे नाव असलेलं हवं होतं, त्याला समजावता समजावता माझ्या नाकी नऊ आले, की अरे दादा तुझ्या कामाला एअरच बरं आहे, व्हिडिओ कॉल करतोस ना, कॅमेरा त्यात चांगला आहे. त्याचा प्रश्न एकच, मग ते जास्त महाग कसं? ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये १५९९ डॉलरचं १४ इंची प्रो ८ जीबी रॅमवर विकायला काढलं, ती रॅम नंतर वाढवताही येत नाही. १६ जीबी ही कमीत कमी रॅम झाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, आणि तेव्हा एअरची रॅमसुद्धा किंमत न वाढवता वाढवली, हे त्यांनी फार चांगलं केलं आणि ते मी सगळ्यांना आवर्जून सांगतो.

बाकीच्या कंपन्याही ह्यात मागे नाहीत. डेलनं जानेवारी २०२५ मध्ये एक्सपीएस, इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड ही लोकांच्या तोंडात बसलेली नावं काढून टाकली आणि डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स केलं, वर त्यात प्लस आणि प्रीमियम, आणि एका वर्षात एक्सपीएस परत आणावं लागलं. एएमडी ह्या चिप कंपनीच्या रायझेन ५ ७५२०यू प्रोसेसरमध्ये झेन २ आहे, २०१९ मध्ये आलेलं डिझाइन, आणि ७५४०यू मध्ये झेन ४. आकड्यात फरक वीसचा आणि आत दोन पिढ्यांचा. पण ह्या कंपन्यांकडून माझी तेवढी अपेक्षा नाही. ॲपलकडे मोजकीच मॉडेल्स आहेत, चिप स्वतःची आहे, सिस्टिम स्वतःची आहे, आता इंटेलकडे बोटही दाखवता येत नाही.

माझी मागणी फार मोठी नाहीये. विक्रीच्या पानावर नावाशेजारी वर्ष लिहा, आणि ह्या मशीनला मोठी अपडेट्स निदान कधीपर्यंत मिळतील ते लिहा. अशक्य आहे म्हणू नका, गुगल प्रत्येक क्रोमबुकची अपडेटची शेवटची तारीख जाहीर करतं आणि २०२३ मध्ये त्यांनी ती मुदत दहा वर्षांपर्यंत वाढवली, तेही स्वस्तातल्या स्वस्त मशीनला. ॲपलला वर्ष लिहायचं वावडंही नाही. लॅपटॉप विकत घ्या, घरी आणा, सुरू करा, वरच्या कोपऱ्यातल्या मेनूतून "अबाउट धिस मॅक" उघडा, तिथे नावापुढे वर्ष लिहिलेलं असतं. २०१९ मध्ये कोरं एअर घेणाऱ्याला तिथे २०१७ दिसायचं. तोच आकडा पैसे भरायच्या आधी दाखवा, बस.